जर्नलमधलं ९.८१ आणि पुण्याचं ९.७८

लंबकवाला

बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. आधी ज्युनिअर कॉलेजात, आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे, ती आज इथे लिहितो आणि शेवटी सगळ्यांना एक प्रश्न विचारतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची अकरावीची बॅच. प्रयोग साधा लंबक. दोरा, पितळी गोळा, स्टॉपवॉच, मीटरपट्टी, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो ते. एक मुलगी वही घेऊन आली. उत्तर ९.६९. मी वरवर पाहिलं आणि म्हणालो, "एवढं कमी? पुन्हा बघ." ती जागेवर गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. आता उत्तर ९.८० होतं. मी सही केली. सही करता करता नजर तिच्या टेबलाकडे गेली. गोळा स्टँडला स्तब्ध लटकत होता. स्टॉपवॉच तर तिने पहिल्यांदा माझ्याकडे यायच्या आधीच जमा केलेलं होतं.

खोडलेले आकडे रेघेखाली स्वच्छ दिसत होते. लांबी १०० सेंटिमीटर, ५० झोक्यांना १००.९ सेकंद. घरी गेल्यावर ते डोक्यातून जाईनात, म्हणून मांडून बघितले. वेळ अगदी बरोबर मोजली होती. चूक एकच होती. तिने लांबी दोऱ्याची घेतली होती, गोळ्याच्या मध्यापर्यंतची घेतली नव्हती. आमच्या गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर. १०० च्या जागी १०१ घातले की ९.७९ येतं. म्हणजे पोरीने प्रयोग उत्तम केला होता. "लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस गं?" एवढं मी विचारलं असतं, तर लंबकाची लांबी म्हणजे काय हे तिला जन्मभर विसरता आलं नसतं. त्याऐवजी त्या दिवशी ती माझ्याकडून आकडे जुळवायला शिकली.

आता यातली दुसरी गोष्ट. सगळा वर्ग ज्या आकड्याशी रीडिंग जुळवत असतो तो ९.८१ आपला आहे का? १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य ठरवलं. ते साधारण ४५ अक्षांशावरचं, समुद्रसपाटीचं. लंडनला ९.८१ येतं. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे आणि वर सुमारे ५६० मीटर उंचीवर. इथलं मूल्य ९.७८ च्या आसपास आहे. म्हणजे खोलीत समोर झुलणारा लंबक खरं सांगत असतो, आणि मुलं ते खोडून लंडनचं उत्तर लिहितात, तेही आमच्या धाकाने.

१६७२ साली जाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या काएनला गेला. पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने ते दडपलं नाही. लंबक किती आखूड केला म्हणजे घड्याळ जुळतं, ते मोजून लिहून ठेवलं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे हे सांगताना न्यूटनला तीच नोंद उपयोगी पडली. रिशेचं जर्नल आपल्याकडे तपासायला आलं असतं, तर लाल पेनाने काय शेरा मिळाला असता ते मी सांगायला नको.

तर प्रश्न असा. तुमच्या कॉलेजात, शाळेत, कामावर प्रॅक्टिकल खरं कधी झालं? कशामुळे झालं? आणि होत नसेल तर कुठे अडतं? शिक्षकांनी तर लिहावंच, पण जर्नलं उतरवून पास झालेल्यांनीही लिहावं.

टीवायची_पोर

सर, मी इलेक्ट्रिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. कुठे अडतं ते सांगते.

बॅच बावीस जणांची, चालू सेट दोन. सेटजवळ चार जण उभे असतात, त्यातले दोघं वायरिंग करतात, एक आकडे वाचतो, एक लिहितो. बाकीचे मागे मागच्या वर्षीची फाईल उघडून बसलेले असतात. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट मी तीन सेमिस्टरमध्ये मिळून एकदाच स्वतःच्या हाताने केली. त्यात वॉटमीटरची (किती वॉट वीज खर्च होते ते दाखवणाऱ्या मीटरची) सुई उलट गेली आणि मी घाबरून मेन बंद केला. सर आले, म्हणाले, "करंट कॉइलची टोकं बदल." बदलली, सुई सरळ गेली. दोन मिनिटांचं काम. पण वॉटमीटरला दिशा असते हे तेव्हा जे कळलं ते अजून पक्कं आहे. बाकी अकरा प्रयोगांतलं मला आज काहीही आठवत नाही, आणि त्या अकरांना मला जास्त मार्क आहेत.

दुसरं म्हणजे सबमिशन. टर्म संपायच्या आठवड्यात सगळी जर्नलं एकदम तपासायची असतात. सर एका तासात साठ जर्नलांवर सह्या करतात. त्यांना आकडे बघायला वेळ कुठून मिळणार? मी सरांना दोष देत नाही. त्यांच्याकडे चार विषय आहेत.

वाळूसिमेंट

लंबकवाला सर, तुमचं वाचून झोप लागली नाही म्हणून रात्री दीड वाजता लिहितोय. मी सिव्हिलचा, साईटवर अठरा वर्षं.

आमच्या कॉलेजात काँक्रीटच्या क्यूबचं प्रॅक्टिकल होतं. दीडशे मिलिमीटरचा साचा, आतून तेल लावायचं, तीन थरांत माल भरायचा, प्रत्येक थर कांडीने ठोसायचा, दुसऱ्या दिवशी क्यूब काढून पाण्यात टाकायचा आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनवर फोडायचा. यातलं आम्ही भरण्यापर्यंतचं केलं. पुढे अठ्ठावीस दिवसांनी आमची बॅच कुठे होती कोण जाणे. क्यूब टाकीत तसेच पडून राहिले. जर्नलमध्ये लोड लिहिला तो सिनिअरच्या जर्नलमधून. सगळ्यांचा सारखा.

नोकरी लागली. तिसऱ्या महिन्यात एका स्लॅबचे क्यूब फोडायला गेलो. एम-२० चं काँक्रीट, म्हणजे मिलिमीटरच्या चौरसाला २० न्यूटन. क्यूबच्या तोंडाचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणून क्यूबने ४५० किलोन्यूटन तरी घ्यायला हवेत. मशीनचा काटा चढत गेला, ४०० ओलांडलं, बारीक कुरकुर झाली, आणि काटा ४१० वर थांबून मागे आला. दुसरा ४२५. तिसरा ४०२. ठेकेदाराचा माणूस शेजारी वही घेऊन बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "साहेब, ४६०-४७० असे लिहू ना?"

त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. जर्नल उतरवताना आम्ही एकमेकांशी याच आवाजात बोलायचो. चोरी करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. कागद पूर्ण करायचा असतो, बस. आणि खरं सांगतो, दोन सेकंद माझ्याही तोंडावर "लिही" आलं होतं, कारण क्यूबचा आकडा मोजून येतो असं मी त्याआधी कधी अनुभवलंच नव्हतं. माझ्या लेखी तो उतरवायचाच आकडा होता.

लिहिले खरेच आकडे. मग जी धावपळ झाली ती झाली. स्लॅबमधून कोअर, म्हणजे तपासायला कापलेले काँक्रीटचे दंडगोल तुकडे, काढले. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद ठरवलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी असावी लागते आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली चालत नाही. कोअर त्यात बसले, स्लॅब वाचला. पण शोध घेतला तेव्हा कळलं की दुपारनंतर माल घट्ट होतोय म्हणून मिक्सरवर अंदाजाने जादा पाणी मारत होते. त्या दिवशी ४६० लिहिले असते तर पुढच्या चार स्लॅबवरही तेच पाणी पडलं असतं.

हाताखाली नवीन पोरं येतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यात एकच काम देतो. स्लम्प कोन (माल किती पातळ आहे ते बघायचा शंकूसारखा साचा) घ्या, ३०० मिलिमीटर उंच, चार थर, प्रत्येक थराला पंचवीस ठोसे, कोन सरळ वर उचला, माल किती बसला ते मोजा. मग त्याच मालात एक मग पाणी घाला आणि पुन्हा मोजा. मग दोन मग. प्रत्येक वेळचा क्यूबही भरून ठेवा, अठ्ठावीस दिवसांनी तुम्हीच फोडा. एकदा हे केलं की पुढे मिक्सरपाशी पाण्याचा पाईप हातात घेतलेल्या माणसाला ती पोरं स्वतः अडवतात. मला सांगावं लागत नाही.

सरळरेष

चर्चा भावनिक होतेय, म्हणून थोडं वेगळं मत. प्रयोगशाळा फार महाग पडते. जागा, यंत्रं, दुरुस्ती, माणसं. गावोगावच्या कॉलेजांना ते परवडत नाही आणि म्हणूनच दोन सेटवर बावीस मुलं उभी राहतात. आज सरकारच्या व्हर्च्युअल लॅब आहेत, सिम्युलेशन आहेत. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात मुलांनी त्यांवरच प्रॅक्टिकल केली. एकेकट्याला शंभर वेळा करून बघता येतं, काही जळत नाही, कुणाला शॉक बसत नाही. मोडक्या वॉटमीटरपेक्षा चांगलं सिम्युलेशन बरं, असं मला मनापासून वाटतं. संकल्पना कळणं महत्त्वाचं आहे ना?

लंबकवाला

सरळरेष, खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. सिम्युलेशन मीही वापरतो. पण त्यातल्या लंबकाला कुणीतरी आधीच सूत्र शिकवलेलं असतं. मूल त्याला विचारतं आणि तो आपण घातलेलंच सूत्र परत म्हणून दाखवतो. गोळ्याची त्रिज्या विसरायची सोय त्यात नाही.

वाळूसिमेंट, तुमची पोस्ट मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

वाळूसिमेंट

जरूर सर. पाण्याचा भाग नक्की वाचा.

बर्फाळ

मी परदेशात विद्यापीठात फिजिक्सची पीएचडी करतेय आणि पहिल्या वर्षाच्या लॅबला शिकवते. सरळरेष यांच्या प्रश्नावर प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. त्याचा निकाल ऐकून सुरुवातीला त्यांना आनंद होईल.

नताशा होम्स आणि कार्ल वीमन (हेच वीमन २००१ चे नोबेल विजेते) यांनी तीन विद्यापीठांतले नऊ अभ्यासक्रम तपासले. लॅब ऐच्छिक होती. लॅब घेतलेली आणि न घेतलेली मुलं एकाच परीक्षेला बसली. व्याख्यानातली संकल्पना पक्की व्हावी म्हणून मुद्दाम आखलेल्या लॅब होत्या, आणि त्याच संकल्पनांवरच्या प्रश्नांत दोन्ही गटांत मोजण्याजोगा फरक सापडला नाही. २०१८ मध्ये त्यांनी हे सविस्तर लिहिलं.

म्हणजे "संकल्पना कळावी म्हणून लॅब" हा दावा टिकत नाही. पण त्यावरून लॅब बंद करा असं त्यांनी म्हटलेलं नाही. लॅबला तिचं स्वतःचं काम द्या, असं त्यांचं म्हणणं आहे. हातातल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि तो वाढवायला काय करायचं, हे पुस्तकातून येत नाही. ते लॅबचं काम.

आणि योगायोग बघा, याच गटाने २०१५ मध्ये छापलेल्या प्रयोगात लंबकच होता! पुस्तकात लिहिलेलं असतं की झोक्याचा काळ कोनावर अवलंबून नसतो. मुलांना सांगितलं, १० अंशांवरून सोडा, २० अंशांवरून सोडा, तुलना करा, आणि तुलना झाल्यावर मोजणी सुधारून पुन्हा करा. एक मीटरचा लंबक घेतला तर २० झोक्यांत दोन्हींतला फरक पाव सेकंदाहूनही कमी येतो. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाची चूकही जवळपास तेवढीच, त्यामुळे मुलं म्हणतात, "सारखंच आहे." मग ५० झोके मोजले की फरक अर्ध्या सेकंदाच्या वर जातो आणि तो पुसता येत नाही. पुस्तकातलं वाक्य फक्त लहान कोनांसाठी आहे हे मुलाला स्वतःच्या बोटाने सापडतं.

माझ्या बॅचला मी हे दोन वर्षं करून घेतेय. पहिल्या तासाला सगळे विचारतात, "उत्तर काय यायला हवं?" मी सांगत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते विचारायचं थांबतात. आणखी एक नियम आहे. वही पेनानेच लिहायची, पान फाडायचं नाही, चुकलेल्यावर एकच रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. मार्क त्या कारणाला असतात. सर, तुमच्या त्या मुलीची खोडलेली ओळ इथे सगळ्यात जास्त मार्कांची ठरली असती.

फळाखडू

मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर आहे, सातवीपर्यंत. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली पूर्वी मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असायची, कारण परीक्षानळी फुटली तर जबाबदार कोण? मी ताबा घेतल्यावर किल्ली मुलांकडे दिली. पहिल्या वर्षी सात नळ्या फुटल्या. दुसऱ्या वर्षी एक.

खर्चाबद्दल मला बोलायचं आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी ते काम उभं केलं, १९८२ पासून एकलव्य संस्थेने चालवलं. गावात मिळेल त्या सामानावर किट. मुख्य म्हणजे त्यांनी परीक्षा बदलली. मुलांनी पुस्तक आणि आपली प्रयोगवही उघडून लेखी परीक्षा द्यायची, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम. त्याचं मला फार वाईट वाटतं. अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्यातल्या नोकरीतून रजा घेऊन तिथेच गेले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करायची त्यांची युक्ती तिथली. पुढे त्यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं हेच केलं.

ते त्रिकोण-चौकोन मी दरवर्षी करून घेतो. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण दाबून वाकत नाही. सहावीतल्या एका मुलाने ते केलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, म्हणून मांडवाला तिरपं बांबू मारतात." त्याचे वडील मांडव घालतात. मी त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही. आम्ही सगळे मांडव बघायला गेलो.

पाबळकर

शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनातली मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये आमच्या दुष्काळी गावात आले. शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस हाताने काम: वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-जनावरं, स्वयंपाक-आरोग्य. आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायचं, लोक त्याचे पैसे द्यायचे.

हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. मी नववीत असताना आमच्या गटाने एका शेतकऱ्याला फाटक करून दिलं. कर्ण मोजायचा राहिला. चौकट अर्धा इंच तिरकी झाली आणि कडी लागेना. मार्क कापले गेले नाहीत. फाटक परत आणून, कापून, पुन्हा वेल्ड करावं लागलं, कारण ते घेणाऱ्याच्या गोठ्यात जनावरं होती. दोन्ही कर्ण सारखे असले म्हणजे चौकट काटकोनात, हे भूमितीच्या पुस्तकात होतंच की. पुढे २००२ मध्ये तिथे फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं वर्कशॉप) आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्यांपैकी. आता मुलं तिथे लेझर कटरवर काम करतात. मी आजही फाटकंच करतो, स्वतःचं वर्कशॉप आहे. कर्ण मोजल्याशिवाय टाका मारत नाही.

प्रयोगसहायक

मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं होतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलं "मामा" म्हणायची. नातवाने हा धागा वाचून दाखवला आणि माझं सांगणं तोच टाईप करतोय.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सगळं आम्ही करायचो. द्रावणं बनवायची, ब्युरेट (द्रावण मोजून थेंब थेंब सोडायच्या काचेच्या नळ्या) धुवायचे, साठ मुलांचं सामान मांडायचं. सगळ्यांना एकाच बरणीतलं द्रावण. पहिल्या पोराचं रीडिंग आलं की पाच मिनिटांत सगळ्या टेबलांवर तेच. पुष्कळदा तेवढाही धीर नसायचा. "मामा, किती येतंय हो?" आणि मी सांगायचो, "नऊ पॉइंट सहा." मलाही वाटायचं, पोरांचं भलं करतोय. आज वाटतं, करायला नको होतं.

मग एक नवीन मॅडम आल्या. म्हणाल्या, "मामा, चार बरण्या करता येतील का? प्रत्येकीत थोडं वेगळं." मी म्हटलं, करू की. अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावल्या. एकीत ०.०८ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावण किती तीव्र त्याचं माप), एकीत ०.०९, एकीत ०.११, एकीत ०.१२. कुठल्या टेबलावर कुठली, ते फक्त माझ्या वहीत. खर्च काय झाला? चार बरण्या आणि माझा अर्धा तास.

त्या दिवशी लॅबमध्ये पहिल्यांदा शांतता होती. प्रत्येक जण आपल्या ब्युरेटकडे बघत होता. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन होतं. फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करावा लागतो, नाहीतर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळ होतं. ते पुस्तकात लिहिलेलं आहे. पण त्या दिवसापर्यंत गढूळ झालं तरी कुणाचं अडत नव्हतं, नऊ पॉइंट सहा लिहायचं होतं. त्या दिवशी एक पोरगा गढूळ फ्लास्क घेऊन माझ्याकडे धावत आला, "मामा, हे काय झालं?" मी म्हटलं, "हात लाव." त्याने काच चाचपली. कोमट होती. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. बर्नरकडे परत गेला, नवीन फ्लास्क घेतला, आणि रंग टिकेपर्यंत एकेक थेंब सोडत उभा राहिला. जेवायच्या सुट्टीतही हलला नाही.

मॅडम तीन वर्षं होत्या. त्या गेल्यावर परत एक बरणी. आता माझ्या जागी कुणी नाही, जागाच भरलेली नाही. द्रावणं मास्तर लोकच तास संपवून घाईघाईत बनवतात असं ऐकतो. तुम्ही सगळे शिकलेले लोक बोलताय, तेव्हा एवढं नक्की लिहा की लॅबला माणूस लागतो.

टीवायची_पोर

मामा, नमस्कार. 🙏 चार बरण्यांची गोष्ट आमच्या एचओडी मॅडमना पाठवली. इलेक्ट्रिकलमध्ये असं करता येईल, प्रत्येक गटाला वेगळा रेझिस्टर द्यायचा आणि वरचे, त्याची किंमत सांगणारे रंगीत पट्टे टेपने झाकायचे. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सोमवारी एका बॅचला करून बघू.

सरळरेष

प्रयोगसहायक काका, तुमचं वाचलं. अर्धा तास आणि चार बरण्या याला महाग म्हणता येणार नाही, हे मान्य करतो. माझा मुद्दा यंत्रांबद्दलचा होता, तो अजूनही आहे. पण सुरुवात बरण्यांपासून व्हायला हरकत नाही.

लंबकवाला

काका, तुमच्या पोस्टवर काय लिहावं सुचत नाही. आमच्याकडे या टर्मपासून हीच पद्धत लावतो. वेगवेगळ्या त्रिज्येचे गोळे देईन आणि त्रिज्या सांगणार नाही.

त्यासाठी एक युक्ती आहे, ती शिक्षकांसाठी लिहून ठेवतो. एकाच लांबीवर उत्तर काढायचं नाही. दोऱ्याच्या चार-पाच लांब्या घ्या. उभ्या अक्षावर नुसत्या दोऱ्याची लांबी, आडव्या अक्षावर काळाचा वर्ग. रेघ सरळच येते, पण शून्यातून जात नाही, जरा खाली उतरते. ती जिथे उभ्या अक्षाला छेदते तेवढी गोळ्याच्या मध्यापर्यंतची राहिलेली लांबी. त्रिज्या विसरलात तरी रेघेचा चढ बिघडत नाही. चढाला ४π² ने गुणलं की गुरुत्वत्वरण. झोका मात्र पाच अंशांच्या आत ठेवा. दहा अंशांनीसुद्धा उत्तर ०.०४ ने खाली येतं.

घरचा_अभ्यास

नमस्कार. आतापर्यंत नुसता वाचत होतो. मुलगी दहावीत आहे. पुण्यातच राहतो. लंबकवाला सरांची ही युक्ती वाचून काल रात्री आम्ही दोघांनी करून बघितलं.

गोळा नव्हता. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंडीकाकांकडून पितळी ओळंबा मागून आणला. पंख्याच्या हुकाला बांधला. मुलगी झोके मोजत होती, मी मोबाईलवर वेळ. प्रत्येक वेळी ५० झोके:

दोरा ६० सेंमी: ७९.४ सेकंद
दोरा ८० सेंमी: ९१.१ सेकंद
दोरा १०० सेंमी: १०१.७ सेकंद
दोरा १२० सेंमी: १११.१ सेकंद

रेघ काढली. गुरुत्वत्वरण ९.७९ आलं. रेघ अक्षाला शून्याच्या खाली २.५ सेंटिमीटरवर छेदते. ओळंब्याचा मध्य कुठे असतो हे आम्हाला माहीत नव्हतं, त्याचा आकार कसातरीच असतो ना. मग मुलीने तो पट्टीच्या धारेवर आडवा तोलून बघितला. दोरा बांधतो तिथपासून २.६ सेंटिमीटरवर तोलला. ती ओरडलीच. सर, ९.७९ म्हणजे पुण्याचंच उत्तर आलं म्हणायचं का?

लंबकवाला

वा! ओळंब्याचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. २.५ आणि २.६ म्हणजे फारच छान.

पण पुण्याचं आलं असं अजून म्हणू नका. बोटाची चूक ५० झोक्यांत ०.१ सेकंद जरी धरली, तरी तुमच्या उत्तरात ०.०४ वर-खाली होऊ शकतं. म्हणजे ९.७५ ते ९.८३ यांतलं काहीही. पुणं आणि लंडन दोन्ही त्यात बसतात. हे मुलीला सांगा. तिला विचारा, दोघांतलं एक बाद करायचं असेल तर काय बदलावं लागेल? उत्तर लगेच देऊ नका.

घरचा_अभ्यास

विचारलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, झोके १०० करायचे, प्रत्येक लांबी तीनदा मोजायची, आणि वेळ मी घ्यायची नाही, तिने घ्यायची, कारण मी बटण उशिरा दाबतो. दोराही बदलायचा म्हणतेय, लोकरीचा आहे, ताणला जात असेल.

ओळंबा रविवारी सकाळी परत द्यायचा आहे. शनिवारी रात्री पुन्हा बसतो आणि आकडे टाकतो.

पाबळकर

गवंड्याचाच सुती दोरा मागा. तो ताणत नाही.